आज तिथी कोणती?

विमानाला हात लावण्याआधी तिथी विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सकाळी साडेसहाची वेळ. रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या वर, सड्यावरच्या मोकळ्या कातळपठारावरची ती जांभ्याची लाल धावपट्टी, तिच्या टोकाला पत्र्याच्या शेडमधून ढकलून बाहेर काढलेलं दोन माणसांचं, कापडी पंखांचं विमान, आणि त्याच्या नाकाजवळ हात मागे बांधून उभे असलेले काका. शिकायला आलेल्याने नमस्कार करावा, तर काका नमस्कार न घेता विचारायचे, "बोल, आज तिथी कोणती?" उत्तर चुकलं की त्या दिवशी उड्डाण नाही. शेडच्या दाराशी पालथं घातलेलं घमेलं उचलायचं आणि धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुटे दगड वेचत जायचं. जांभ्याचा एवढासा खडा उडून पंख्यावर बसला तरी पातं तडकतं, त्यामुळे दगड वेचणं रोजचंच होतं. ते कोणी वेचायचे, एवढंच तिथीवर ठरत असे.

त्यांचं खरं नाव आमच्या परवान्याच्या कागदांवर होतं. पट्टीवर सगळे त्यांना तिथीकाका म्हणत, आणि आपल्याला काय म्हणतात हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तिथीचा आणि विमानाचा संबंध काय, हे मला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. पट्टीच्या दक्षिणेला पूर्णगडची खाडी आणि खाडीपलीकडे गावखडीचा लांब किनारा. त्या बाजूला इंजिन बंद पडलं तर उतरण्याजोगी जागा तेवढी एकच; बाकी डोंगर, आंब्याच्या बागा आणि चिरेखाणी. ओहोटी असली की तिथली ओली वाळू रस्त्यासारखी टणक असते, भरती असली की पाणी सुरूच्या झाडांना लागतं. म्हणून नियम साधा होता. आपण हवेत असताना किनारा मोकळा असेल तरच खाडी ओलांडायची, नाहीतर पट्टीच्या डोक्यावरच फिरायचं.

"तिथीची पाऊणपट कर," काका शिकवत. "आज चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती. मग ओहोटी?"

"नऊला."

"आणि आपण हवेत कधी?"

"आठला."

"मग जाऊ खाडीपलीकडे."

हा हिशेब आमच्याकडे मासळी विकणारी बाईसुद्धा तोंडी करते. विमानासाठी करणारे काका एकटेच होते. "एकादशीला सगळं गाव उपाशी," ते म्हणायचे, "समुद्र सोडून. तो सव्वाआठला पोटभर जेवून बसलेला असतो." एकदा कोणीतरी त्यांना भरती-ओहोटी दाखवणारं फोनमधलं अ‍ॅप दाखवलं. काकांनी चष्मा वर करून ते नीट पाहिलं, कौतुकही केलं, आणि म्हणाले, "छान आहे. बॅटरी संपली की भरती थांबते काय?"

हे वेड त्यांना कुठून लागलं ते त्यांनीच एकदा सांगितलं. तरुणपणी ते देशावर शेतीत औषध फवारणारी विमानं चालवत. सुट्टीत घरी आले असताना कोणाचं तरी विमान घेऊन ते किनाऱ्यावरून जात होते, तेव्हा इंजिन बंद पडलं आणि त्यांनी ते गावखडीच्या वाळूवर अलगद उतरवलं. चाकालाही काही झालं नाही. स्वतःवर खूश होऊन ते दोरखंड आणि माणसं आणायला गावात गेले, तिथे कोणी चहा विचारला म्हणून बसले. परत आले तर विमान कमरेएवढ्या पाण्यात उभं होतं आणि किनाऱ्यावर एक कोळीण टोपली घेऊन बघत होती. ती म्हणाली, "आज पुनव हाय. इमान हिथं कुनी लावतं?" काका हे सांगताना स्वतःच हसायचे, पण शेवटी दर वेळी तेच म्हणायचे, "इंजिनानं नाही बुडवलं. मी तिथी विचारली नाही म्हणून बुडालं."

मी या माणसाच्या हाती कशी लागले ते सांगायला हवं, कारण माझ्यासारख्या बाईने विमानाच्या वाटेला जावं यावर आमच्या घरात अजून कोणाचा विश्वास नाही. रत्नागिरीत आमचं औषधांचं दुकान आहे. वडिलांनी काढलेलं, आता मी चालवते. मी जात्याच घाबरट. दुकान बंद केल्यावर कुलूप तीनदा ओढून बघते, घरी येऊन गॅसचं बटण बघते, आणि मग आई झोपली आहे की बेशुद्ध आहे हे बघायला तिच्या खोलीत डोकावते. काका महिन्यातून एकदा रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायचे. एकदा मी विचारलं, "काका, वर भीती नाही वाटत?"

"वाटते की. तुला कशाची वाटते?"

"सगळ्याचीच."

त्यांनी गोळ्या खिशात टाकल्या. "मग ये एकदा पट्टीवर. न घाबरणारे चिकार येतात. त्यांना शिकवून माझा घसा बसला."

मी का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. एक्केचाळीस वर्षं घाबरण्यात काढल्यावर, निदान घाबरण्याजोग्या गोष्टीला तरी घाबरावं असं काहीतरी वाटलं असेल. वैद्यकीय तपासणी झाली, हवामान आणि नियमांचे पेपर दिले, आणि पहाटे भाट्याचा पूल ओलांडून स्कूटरवरून पावसला जाणं सुरू झालं. आई निघताना रोज विचारायची, "आज किती वर जाणार?" कमी वर गेलं तर कमी लागेल असा तिचा हिशेब. हे काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आईला सांग, पडायचंच असेल तर उंचावरून पडावं. विचार करायला वेळ मिळतो." हा निरोप मी आईला दिला नाही.

पहिल्या दिवशी काकांनी मला आंब्याच्या पेट्या तोलायच्या काट्यावर उभं केलं. एवढ्या हलक्या विमानात दोन्ही माणसांचं वजन धरून पेट्रोल किती भरायचं ते ठरवावं लागतं. मी काट्यावरून उतरत होते तोच ते म्हणाले, "थांब. आता भीती सांग."

"म्हणजे?"

"आज कशाची भीती वाटतेय ते बोलून टाक. न सांगितलेली भीती वजनात धरावी लागते गो, आणि ती किती किलोची ते या काट्याला कळत नाही."

मी यादी सांगितली. वारा, पंख फाटेल, मला उलटी होईल, खाली आल्यावर दुकानाची किल्ली सापडणार नाही. काकांनी हसू न आणता सगळं ऐकून घेतलं. पंखाचं कापड माझ्या हाताने ओढून बघायला लावलं, उलटीसाठी प्लास्टिकची पिशवी दिली, आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. पुढे हे रोजचंच झालं. तिथी सांगायची, भीती सांगायची, मग टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून त्यात पाणी उतरलंय का ते बघायचं. ही बाटली मी दुकानातून नेलेली खोकल्याच्या औषधाची होती. काकांना तिच्यावरच्या मापाच्या रेघांचं फार अप्रूप.

उडायच्या आधी त्यांनी मला चालवलं. आजूबाजूचे सगळे सडे आम्ही पायी पालथे घातले. वरून जी जागा हिरवीगार गादीसारखी दिसते तिच्यात कंबरभर उंचीचे, कुंपणासाठी रचलेले दगडी गडगे असतात, गवताआड चिरेखाण उघडी पडलेली असते. "वरून बघून जागा निवडणारा खालून बघणाऱ्याच्या खांद्यावरून जातो," असं काहीतरी त्यांनी म्हटल्याचं आठवतं. त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता आणि आजही पूर्ण कळला आहे असं नाही. पण दर पावसाळ्यानंतर ते पुन्हा सगळे सडे चालायचे. गेल्या वर्षी मोकळी असलेली जागा यंदा कोणी खणली नसेल कशावरून, हा त्यांचा प्रश्न.

हवेत त्यांची एक खोड होती. सगळं सुरळीत चालू आहे, खाली मोहोर आलेल्या बागा आहेत, मला चुकून थोडं बरं वाटू लागलं आहे, नेमकं तेव्हा त्यांचा डावा हात यायचा आणि इंजिनाचा दांडा मागे ओढायचा. आवाज एकदम पडायचा. काका पुढे बघतच म्हणायचे, "गेलं. कुठे?" मग इंजिन खरंच गेलं आहे असं धरून मी जागा शोधायची, तिच्याकडे वळायचं, आणि अगदी खाली येईपर्यंत ते काही बोलायचे नाहीत. मग दांडा पुढे, इंजिन पुन्हा गुरगुरलं की म्हणायचे, "गडग्यात गेलो असतो, पण सावकाश गेलो असतो. सुधारणा आहे." त्या हाताची मला इतकी धास्ती बसली होती की घरी जेवताना कोणी उजवीकडून मीठ घ्यायला हात पुढे केला तरी मी खिडकीबाहेर मोकळी जागा शोधायचे.

एकटीने पहिल्यांदा उडवलं त्या दिवशी ते न सांगता विमानातून उतरले, स्वतःचा पट्टा रिकाम्या जागेवर नीट बांधून ठेवला आणि म्हणाले, "एक फेरी मारून ये." मी म्हटलं, "काका, भीती सांगायची राहिली." ते म्हणाले, "खाली आल्यावर सांग." त्यांच्या वजनाशिवाय विमान इतक्या झपाट्याने वर गेलं की मी ओरडले, आणि ऐकायला कोणी नाही हे कळल्यावर गप्प झाले. उतरल्यावर पाहिलं तर काका पट्टीकडे पाठ करून उभे होते. "बघत का नव्हता?" मी विचारलं. "ऐकत होतो. बघितलं असतं तर तू मला दाखवायला उडवलं असतंस." त्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजली होती.

परवान्याची शेवटची परीक्षा फाल्गुनात ठरली. बाहेरून परीक्षक येणार होता. तोवर काकांनी माझ्या उड्डाणाच्या तासांवर सह्या करून, ही तयार आहे असं लिहून द्यायचं होतं. आमच्या जिल्ह्यात दुसरा कोणी शिकवणारा नव्हता. काका नसतील तर माझी परीक्षा नाही, हे मला पाठ होतं. पुढे जे झालं ते सगळं याच्यामुळे झालं, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

त्या सकाळी काकांनी तिथी विचारलीच नाही. मला वाटलं, परीक्षा जवळ आली, आता विश्वास बसला असेल. मला मात्र तिथी माहीत होती. दशमी. साडेसातला भरती. वर गेल्यावर काका म्हणाले, "चल, खाडीपलीकडे." मी बुचकळ्यात पडले, पण ते माझी परीक्षा घेत असणार असं समजून मी मुकाट्याने पूर्णगडावरून दक्षिणेला गेले. गावखडीवर त्यांचा डावा हात आला. आवाज पडला. "गेलं. कुठे?"

मी खाली बघितलं. किनारा नव्हता. सुरूच्या बुंध्यांना फेस लागत होता.

"किनारा नाही, काका. परत पट्टीकडे वळते."

"पट्टी कशाला? वाळू मोकळी आहे की. उतर."

आवाज नेहमीचाच, शांत. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खालीच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वाळू दिसत असल्याची खात्री होती. आम्ही खाली येत होतो. लाटा वेगवेगळ्या दिसू लागल्या होत्या.

"काका, पाणी आहे."

त्यांनी दांडा सोडला नाही. तेव्हा मी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांचा हात बाजूला करून दांडा पुढे ढकलला. इंजिन सुरूच होतं, ते गुरगुरलं आणि आम्ही वर आलो. उतरल्यावर काका म्हणाले, "बघत होतो, तू माझं ऐकतेस की डोळ्यांचं." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी पटवून घेतलं.

चारच दिवसांनी काकू दुकानात आल्या. काकू म्हणजे काकांची बायको, बारीक चणीच्या, बोलण्यापेक्षा डबे पाठवण्यावर भर असलेल्या. आम्ही पट्टीवर असलो की त्यांचा डबा यायचाच. त्यांनी कोल्हापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि ती माझ्याकडे सरकवताना वर बोट दाबून धरलं. चिठ्ठीवर काकांचं नाव होतं. त्या गोळ्या कोणत्या माणसाला देतात हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. विसरायला लागलेल्या माणसाला देतात.

"ह्यांना झोपेच्या तक्रारीसाठी नेलं होतं," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. ह्यांना मी ताकदीच्या गोळ्या म्हणून देत्ये."

"काकू, ते विमान चालवतात."

"माहित्ये मला. ते काढून घेतलं तर पडवीत बसून काय करतील गो ते?" मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझी परीक्षा होऊ दे. मग सांगू."

दुकानात कळलेलं दुकानातच ठेवायचं, हे वडिलांनी मला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. मी त्या शिकवणीच्या आड जाऊन बसले. आतून मला कळत होतं की मी वडिलांचं ऐकत नाहीये, मला परवाना हवा आहे. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. काकांची सही उरली होती.

मग मी त्याहून वाईट गोष्ट केली. काकांनी विचारायच्या आधीच मी तिथी सांगू लागले. स्कूटर लावता लावताच म्हणायचे, "काका, आज प्रतिपदा, पावणेसातला ओहोटी, किनारा मोकळा." त्यांना प्रश्न विचारायची वेळच येऊ द्यायची नाही, म्हणजे त्यांना उत्तर येत नाही हे उघड व्हायची वेळ येणार नाही. काका खूश व्हायचे. "तयार झालीस," म्हणायचे. त्यांनी भीती सांगायला लावली की मी वाऱ्याबद्दल काहीतरी बोलायचे. खरी भीती माझ्या उजव्या हाताला पट्टा बांधून बसलेली असायची. अशी आम्ही सहा उड्डाणं केली. प्रत्येक वेळी तो डावा हात आला की मी दांड्याखाली माझा हात तयार ठेवायचे. जेवण जाईना. आईने विचारायचं सोडून दिलं, किती वर जाणार ते. माझ्याकडे नुसतं बघायची.

मग काकांनी एका सकाळी सहज सांगितलं की पुढच्या सोमवारी मुंबईहून दोघे नवे शिकायला येणार आहेत. नवरा-बायको आहेत, हौशी आहेत, समुद्र त्यांनी फक्त चौपाटीवर पाहिलेला आहे. त्या दोघांना तिथी माहीत असणार नव्हती. काका उतर म्हणाले की ती दोघं उतरणार होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी मी ठरवून गेले.

त्या दिवशी एकादशी होती. काकूंचा डबा शेडमध्ये आला होता, काकांनी तो नेहमीप्रमाणे सीटच्या मागे ठेवला. मी तिथी सांगितली नाही. काकांनीही विचारली नाही. आम्ही पट्टे बांधले. समोर धावपट्टी, तिच्या टोकाला निळं आभाळ. काका म्हणाले, "चल, आज खाडीपलीकडे एक फेरी. परीक्षक तेच करायला लावेल."

मी इंजिन सुरू केलं नाही. "काका, आज तिथी कोणती?"

ते हसले. "मला विचारतेस?"

"हो."

"तृतीया." बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत त्यांनी लगेच पुढचं केलं. "तिनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वाआठला ओहोटी. किनारा मोकळा."

हिशेब अगदी बरोबर होता. तिथी चुकली होती.

"काका," मी म्हटलं, "डबा उघडून बघता का?"

त्यांना वाटलं मला भूक लागली आहे. मागे हात घालून त्यांनी डबा घेतला, मांडीवर ठेवला, झाकण काढलं. वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. काकू कधी एकादशी चुकवत नाहीत, आणि काकांनाही चुकवू देत नाहीत. काका त्या डब्याकडे बघत राहिले. वारा पंखांच्या कापडावर टकटक करत होता. मग त्यांनी झाकण लावलं, ते नीट बसलंय का ते दाबून बघितलं, पट्टा सोडला आणि खाली उतरले. मला वाटलं ते घरी जातील. ते शेडकडे गेले, दाराशी पालथं असलेलं घमेलं उचललं, आणि पट्टीच्या टोकाला वाकून दगड वेचू लागले.

मी तिथेच बसून रडले. ते अर्ध्या पट्टीपर्यंत गेले होते तेव्हा मी उतरून त्यांच्याकडे गेले. त्यांनी वर न बघता विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"गावखडीपासून."

पेरांवर अंगठा फिरला. "साडेसातची भरती. म्हणजे दशमी होती ती?"

"हो."

"म्हणजे सोळा दिवस झाले. आणि सोळा दिवस माझ्या शेजारी बसून उडलीस."

"हो, काका."

"घाबरत?"

"खूप."

"मग बोलली का नाहीस?"

खोटं बोलायला जागा नव्हती. "परवाना हवा होता."

काका कंबरेवर हात ठेवून सरळ झाले. ते रागावतील असं मला वाटलं, मला ते हवंही होतं. त्यांनी घमेलं माझ्यासमोर धरलं. "अर्धे दगड तुझे," ते म्हणाले. आणि राहिलेली अर्धी पट्टी मी वेचली, ते सोबत चालत राहिले.

त्याच दिवशी त्यांनी परवाने देणाऱ्या कार्यालयाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, की यापुढे मी शिकवणार नाही आणि उडणारही नाही. मुंबईच्या त्या दोघांना फोन केला. माझ्या परीक्षेच्या कागदावर त्यांनी सही केली नाही. त्या सोळा दिवसांतले तास आपण धरू शकत नाही, असं त्यांनी मला समजावलं, आणि ते बरोबर होतं. पत्र पोस्टात मीच टाकलं. काकू महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस दुकानात फणसाच्या सांदणांचा डबा आला, सोबत निरोप काही नव्हता.

परवाना मिळायला मला आणखी दीड वर्ष लागलं. घाटावरच्या एका ठिकाणी जाऊन राहिले, उरलेले तास तिथे केले. तिथला शिकवणारा चांगला होता, पण त्याने मला कधी भीती विचारली नाही, आणि तिथी विचारायचा प्रश्नच नव्हता. तिथे नुसती सपाट शेतं. मी मात्र रोज मनात पाऊणपट करायचे. इंजिन सुरू करण्याआधी एकटीच भीती मोठ्याने बोलायचे, तेव्हा तिथली माणसं जरा लांब उभी राहायची.

परवाना हातात आल्यावर पहिली फेरी पावसच्या पट्टीवरूनच मारायची असं ठरवलं होतं. काकांचा एक भाऊ गावातच असतो, त्याने विमान अजून नीट ठेवलं आहे. सकाळी लवकर निघून आधी काकांच्या घरी गेले. ते पडवीत खुर्चीवर बसले होते, वाळले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "गोळ्या आणल्यास काय गो?" त्यांना मी दुकानातली बाई म्हणून आठवत होते, विमानातली नाही. काकूंनी मान वळवली आणि त्या आत गेल्या.

मी परवाना त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटून पालटून बघितला, फोटोवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं. "फोटो बरा नाही आलेला," ते म्हणाले. परवाना परत करताना त्यांनी हात मध्येच थांबवला.

"आज तिथी कोणती?"

"एकादशी, काका."

अंगठा पेरांवरून फिरला, थांबला, पुन्हा मागे गेला आणि पुढे आला. मी मदत केली नाही. आतून काकूंच्या भांड्यांचा आवाजही बंद झाला होता.

"सव्वाआठला भरती," काका म्हणाले. मग पहिल्या दिवसासारखंच, नाकासमोर बघत, "खाडी ओलांडू नकोस."

"नाही ओलांडत," मी म्हटलं. त्या सकाळी मी पट्टीच्या डोक्यावरच फिरले, आणि खाली आल्यावर घमेलं घेतलं.